डोक्यावरील विजेरी : चैन की शेतीचे अवजार ?

शेतीच्या अवजारांची यादी करावयास बसले म्हणजे नांगर, वखर, पाभर, फवारणी पंप, विळा, खुरपे, खोरे अशी नावे ओठांवर येतात. विजेरीचे नाव त्या यादीत क्वचितच घातले जाते. घरात ती खुंटीला टांगलेली असते, सेल संपलेले असतात, आणि पाण्याची पाळी आली की ऐन वेळी तिची शोधाशोध सुरू होते. विजेरी ही घरगुती वस्तू आहे, शेतीच्या खर्चात तिला स्थान नाही, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. अलीकडे कपाळावर पट्ट्याने बांधावयाच्या, पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या आणि पुष्कळ प्रकाश देणाऱ्या विजेऱ्या बाजारात आल्या आहेत. लोक त्यांना ‘हेडटॉर्च’ किंवा नुसते ‘डोक्याची बॅटरी’ म्हणतात. दोन-तीनशे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंत त्यांच्या किमती आहेत. अशा विजेरीवर पैसा खर्च करणे शेतकऱ्याला परवडण्यासारखे आहे काय, या प्रश्नाचा विचार नीट हिशेब मांडून झाला पाहिजे.

रात्रीचे काम का वाढले ?

पूर्वीच्या पिढ्यांनी कंदिलाच्या उजेडावर शेती केली, मग आताच एवढ्या उजेडाची गरज का, असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु त्यात एक गोष्ट नजरेआड होते. मोट बैलांच्या बळावर चाले आणि बहुतांशी दिवसाउजेडीच चाले. विजेचा पंप आला, पुढे शेतीची वीज फेरपाळीने मिळू लागली, आणि पिकाला पाणी देण्याची वेळ सूर्याऐवजी वाहिनीच्या वेळापत्रकावर ठरू लागली. पाळी रात्रीची आली की मध्यरात्री उठून दारे धरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला, तो शेतीला दिवसा वीज मिळावी याच हेतूने. ज्या शिवारात दिवसाची वीज पोचली, तेथे या प्रश्नाची धार कमी झाली आहे. जेथे ती अद्याप पोचलेली नाही, तेथे रात्रीचा अंधार हाच शेतकऱ्याचा कामाचा प्रहर आहे.

पाणी देणे हे एकच काम रात्रीचे आहे असेही नाही. गाय किंवा म्हैस बहुधा अडनिड्या वेळी विते आणि वासराचे पाय कसे येत आहेत हे पाहण्यास स्वच्छ उजेड लागतो. पालेभाज्या व फुले पहाटेच्या बाजारासाठी अंधारातच खुडली जातात. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड कामगार, त्यांत स्त्रियाही आल्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून रात्री-बेरात्री गाडी भरतात. या सर्व कामांत दोन्ही हात गुंतलेले असतात. खोरे धरावे की विजेरी धरावी, हा पेच ज्याने एकदा अनुभवला आहे, त्याला कपाळावरील दिव्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. हातातील विजेरी बांधावर ठेवून माणूस वाफ्यात वाकतो, तेव्हा त्याचा उजेड एकीकडे आणि हात दुसरीकडे असतो. दातांत किंवा काखेत विजेरी धरून दारे फोडणारेही पुष्कळ आहेत.

खरा धोका

उजेडाचा प्रश्न सोयीपुरता मर्यादित असता तर त्यावर इतका विचार करण्याचे कारण नव्हते. तो प्राणाशी निगडित आहे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचे दंश विशेष घातक ठरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्तविण्यात आला. हे मृत्यू प्रामुख्याने ग्रामीण भागातील असून पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला आणि भारत सरकारने २०२४ साली त्यासंबंधी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

सरीत पाणी शिरले की बिळांतील उंदीर व बेडूक बाहेर पडतात आणि त्यांच्या मागावर साप येतो. त्याच वेळी अनवाणी माणूस त्या सरीतून चालत असतो. फुरसे वीतभर ते दोन वीत लांबीचे, मातीच्या रंगाचे. घोणस वाळल्या पाचटात न हलता पडून राहणारी. मंद, पिवळट उजेडात ती दिसत नाहीत. पाय पडण्यापूर्वी दोन पावले पुढची जमीन स्पष्ट दिसणे, एवढ्यावरच पुष्कळदा सगळे अवलंबून असते. कोकणात लाल विंचवाचा उपद्रव मोठा आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील उपचारासंबंधी केलेले कार्य सर्वांना ज्ञात आहे. परंतु उपचारापर्यंत वेळ न येऊ देणे हे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरा धोका विजेचा. ओल्या हाताने, अंधारात चाचपडत स्टार्टरच्या पेटीकडे जाणे हे जिवाशी खेळणे होय. कोठे तार उघडी पडली आहे, पेटीत पाली-मुंग्यांनी घर केले आहे, की पेटीखाली पाणी साचले आहे, हे खटक्याला हात लावण्यापूर्वी दिसले पाहिजे.

प्रकाशाचा हिशेब

विजेरीच्या खोक्यावर ‘ल्युमेन’ हा शब्द असतो. दिव्यातून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो, त्याचे हे माप आहे. जुन्या दोन सेलांच्या तारेच्या बल्बच्या विजेरीतून जेमतेम दहा-पंधरा ल्युमेन प्रकाश मिळे. आजच्या एलईडी दिव्यास एका वॅटमध्ये साधारणतः शंभर ल्युमेन वा त्याहून अधिक प्रकाश देता येतो. १९९० च्या दशकात निळा तेजस्वी एलईडी सिद्ध झाल्यामुळे पांढरा प्रकाश शक्य झाला आणि त्या शोधास २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन घटाच्या संशोधकांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल लाभले. या दोन शोधांचा संगम म्हणजे कपाळावरील ही विजेरी होय.

आता तिच्या पोटात किती शक्ती मावते ते पाहू. या विजेऱ्यांत बहुधा ‘१८६५०’ नावाचा घट असतो. १८ मिलिमीटर जाडी व ६५ मिलिमीटर लांबी असा त्या आकड्याचा अर्थ आहे. या आकाराच्या चांगल्या घटाची क्षमता २,५०० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. ३,००० क्षमतेचा घट धरला तर त्यात सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठते. एक हजार ल्युमेन प्रकाशास दहा वॅट लागतात, म्हणजे हा घट तासाभरात रिकामा होईल. दोनशे ल्युमेनवर तो पाच तास पुरेल, शंभर ल्युमेनवर जवळजवळ दहा तास. विजेरी कितीही महाग असली तरी या त्रैराशिकातून तिची सुटका नाही.

या हिशेबावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, बाजारात ‘दहा हजार ल्युमेन, रात्रभर चालेल’ असे छापलेली जी स्वस्त विजेरी मिळते, तिच्यावरील आकडा खोटा असला पाहिजे. त्याचप्रमाणे १८६५० आकाराच्या घटावर ‘९,९०० मिलिअँपिअर-तास’ असे छापलेले आढळल्यास तो घट घेऊ नये. त्या आकारात एवढी क्षमता मावत नाही. दुसरी, खऱ्या विजेरीवरील मोठा आकडाही क्षणिक असतो. पूर्ण तेजावर दिवा तापतो आणि काही मिनिटांतच आतील यंत्रणा प्रकाश आपोआप कमी करते. म्हणून विजेरी घेताना ती सर्वांत तेजस्वी किती, यापेक्षा शंभर-दोनशे ल्युमेनवर एकसारखी किती तास चालते, हे विचारावे.

खोक्यावर प्रकाशाचा पल्लाही मीटरमध्ये दिलेला असतो. प्रचलित मापनपद्धतीत, ज्या अंतरावर उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होतो, ते अंतर म्हणजे पल्ला. दोनशे मीटर पल्ला म्हणजे दोनशे मीटरवरचे सर्व स्पष्ट दिसेल, असा समज करून घेऊ नये. शिवाय पल्ला दुप्पट करावयाचा तर त्याच झोताचा प्रकाश चौपट लागतो. वाफ्यातील कामास तीस-चाळीस ल्युमेन पुरतात, बांधावरून चालण्यास शंभर ते दोनशे. चारशे-पाचशे ल्युमेनचा झोत लागतो तो पाट कोठे फुटला हे दुरून पाहण्यापुरता, आणि तोही मिनिट-दोन मिनिटे. शेतकऱ्याच्या गरजेला एवढे तेज पुरेसे आहे.

कपाळावरील दिव्याचे दोष

गुणांबरोबर दोषही सांगणे प्राप्त आहे. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने वस्तूची सावली वस्तूच्या मागेच दडते आणि जमिनीचा उंचसखलपणा चपटा दिसतो. हातातील विजेरी खाली धरली म्हणजे लहानशा ढेकळाचीही सावली लांब पडते आणि पडून राहिलेला साप वेगळा उठून दिसतो. याकरिता अनोळखी वाटेने किंवा पाचटातून जाताना हातात दुसरी लहान विजेरी खाली धरणे केव्हाही चांगले. उलटपक्षी, दिवा डोळ्याजवळ असल्यामुळेच जनावरांच्या डोळ्यांची चमक पाहणाऱ्याकडे सरळ परत येते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या बाजूस उसात बिबट्याचा वावर असतो. तेथे हा गुण उपयोगी आहे. मात्र सापाचे डोळे असे चमकत नाहीत. चमक दिसली नाही म्हणून वाट निर्धोक समजणे चुकीचे ठरेल.

पांढऱ्या प्रकाशावर पावसाळ्यात किडे झेपावतात आणि दिवा कपाळावर असल्याने ते थेट डोळ्यांत व नाकात जातात. पिवळसर किंवा तांबड्या प्रकाशाकडे ते कमी येतात. म्हणून ज्या विजेरीत असा दुसरा दिवा आहे ती पसंत करावी. तांबड्या उजेडाने डोळ्यांची अंधारात पाहण्याची शक्तीही फारशी बिघडत नाही; प्रखर पांढऱ्या उजेडाने ती एकदा गेली की पूर्ववत होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. समोरच्या माणसाशी बोलताना झोत त्याच्या डोळ्यांवर पडतो, याचेही भान ठेवावयास हवे. मोटारसायकल चालविताना ही विजेरी कपाळावर लावून समोरून येणाऱ्यास दिपवणे हा तर अपघाताला दिलेला आमंत्रणाचा विडाच होय.

खर्चाची बाजू

चांगली विजेरी घेताना रक्कम एकदम बाहेर पडते, म्हणून ती महाग वाटते. परंतु रात्रीच्या पाळीला साध्या विजेरीत घालावयाच्या सेलांचा वर्षाचा खर्च लिहून ठेवला, तर चित्र निराळे दिसेल. भारित करावयाचा घट एकदा भरण्यास, वाया जाणारी वीज धरूनही, सुमारे पंधरा वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये तो साठाहून अधिक वेळा भरता येतो. पाच अश्वशक्तीचा पंप पंधरा सेकंद चालण्यास जेवढी वीज लागते, तेवढ्यात शेतकऱ्याची एका रात्रीच्या उजेडाची सोय होते. बरा घट तीनशे ते पाचशे वेळा भरला तरी बऱ्यापैकी शक्ती राखून असतो. महिन्यातून दहा-बारा रात्री काम धरले, तर तो तीन वर्षे सहज पुरावा. त्यानंतर केवळ घट बदलता आला पाहिजे. ज्या विजेरीचा घट आत कायमचा बसविलेला असतो, ती घट मेल्यावर टाकूनच द्यावी लागते.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात. घट बदलण्याजोगा असावा व त्यावर आय. एस. १६०४६ या भारतीय मानकाची नोंदणी असावी. पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा ‘आयपीएक्स ४’ असल्यास पावसाचे शिंतोडे सोसवतात. ‘आयपी ६७’ असल्यास विजेरी मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी बिघडत नाही, आणि पाटात पडणाऱ्या विजेरीला हाच दर्जा योग्य. भारित करण्याचे छिद्र रबराच्या झाकणाने घट्ट बंद होणारे असावे. वजन दीड-दोनशे ग्रॅमच्या आत असावे, नाहीतर तासाभरात कपाळ व मान दुखू लागते. पट्टा सुटा करून धुता यावा. खटका ओल्या व चिखलाच्या बोटांनीही लागावा.

निगाही तितकीच महत्त्वाची. विजेरी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टन फाटलेला घट वापरू नये. अंथरुणावर अथवा गवताच्या गंजीजवळ घट भरावयास लावू नये. महिनोन् महिने वापर नसेल तर घट निम्मा भरलेला ठेवावा. निकामी घट उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार असे घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ते विक्रेत्याकडे अथवा संकलन केंद्रावर द्यावेत.

विजेरी कोणाच्या डोक्यावर ?

आणखी एक प्रश्न उरतो आणि तो किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी रात्री पाणी द्यावयास मालक स्वतः जात नाही, सालगडी जातो. मालकाच्या घरी हजार ल्युमेनची विजेरी असते आणि गड्याच्या हातात मोबाइलचा मिणमिणता दिवा. मोबाइल हातातच धरावा लागतो, पाण्यात पडला की संपतो आणि त्याची बॅटरी गेली म्हणजे संकटकाळी हाक मारण्याचे साधनही जाते. ज्याच्या पायाखाली साप येण्याचा संभव, त्याच्या कपाळावर दिवा असावयास हवा. पंप, पाइप आणि खत हा जसा पिकाचा खर्च, तसाच पाणी देणाऱ्याचा दिवा व गमबूट हाही पिकाचाच खर्च मानला पाहिजे. ऊसतोड टोळीच्या मुकादमांनी आणि कारखान्यांनीही रात्रीची भरणी करून घेताना हाच न्याय लावावा.

त्याचबरोबर विजेरी म्हणजे कवच नव्हे, हेही बजावून सांगितले पाहिजे. दाट उसात, गुडघाभर गवतात कितीही प्रखर झोत टाकला तरी जमीन दिसत नाही. तेथे गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पुढे आपटत न्यावयाची काठी आणि सोबतीला माणूस, हीच खरी रक्षणाची साधने होत. दिवा हे चौथे साधन आहे; पहिल्या तिहींची जागा ते घेऊ शकत नाही. इतके करूनही दंश झालाच तर दंशाची जागा कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत एक क्षणही दवडू नये. रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात ताबडतोब पोचवावे. साप मारून बरोबर नेण्याची आवश्यकता नसते.

चांगला दिवा हाती आला म्हणून रात्रीचे काम वाढवीत नेण्याचा मोह होण्याचाही संभव आहे. तो टाळावा. रात्र ही विश्रांतीसाठी आहे आणि दिवसा वीज मिळणे हाच या प्रश्नाचा खरा तोडगा आहे. गावाच्या शिवारात सौर वाहिनी येत असेल, तर तीस जागा व सहकार्य देण्यात गावकऱ्यांनी मागे राहू नये. मात्र ती येईपर्यंतच्या रात्री अंधारात काढावयाच्या की उजेडात, याचा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा आहे.

तात्पर्य, शंभर-दोनशे ल्युमेनवर सात-आठ तास टिकणारी, पाण्यात न बिघडणारी, घट बदलता येणारी, मध्यम किमतीची विजेरी ही रात्री शेतात जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक याप्रमाणे घेण्यासारखी वस्तू आहे. एवढा काळ चालण्यासाठी दोन घटांची, किंवा एक जादा घट खिशात ठेवावयाची तयारी असावी. फसव्या आकड्यांची स्वस्त विजेरी घेणे म्हणजे पैसा व भरवसा दोन्ही गमावणे, आणि अतिप्रखर महाग विजेरी घेणे म्हणजे शेताच्या गरजेपलीकडची हौस. या दोहोंच्या मधली वाट धरून शेतकरी बांधवांनी घरातील अवजारांच्या यादीत, खोऱ्याच्या शेजारी, तिला जागा द्यावी. आणि पाळीच्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी ती भरलेली आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.